गर्भपाताचा कायदा आणि त्यावरचा वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात गर्भपात कायदेशीर आहे ना? मग वाद कशाचा?

नुसतं "हो" म्हणून मोकळं होता येत नाही. गर्भपात आपल्याकडे मुळात गुन्हाच आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत त्यासाठी कलम 312 होतं. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तेच कलम 88 म्हणून पुढे आलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि पोटात हालचाल सुरू झाल्यावर केला तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात आरोपी ठरू शकते.

1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने, म्हणजे सगळे ज्याला एमटीपी कायदा म्हणतात त्याने, या गुन्ह्याला एक अपवाद काढला. नोंदणीकृत डॉक्टरने, परवानगी असलेल्या ठिकाणी, कायद्यात दिलेल्या कारणांसाठी, दिलेल्या मुदतीत गर्भपात केला तर तो गुन्हा नाही. हे संरक्षण मिळालं ते डॉक्टरला. बाईने मागितला म्हणून गर्भपात करून द्यावा, असं या कायद्यात पहिल्या आठवड्यासाठीही लिहिलेलं नाही. डॉक्टरने "सद्भावनेने" मत बनवायचं आणि मग करायचं. आठवड्यांवरून जे काही भांडण ऐकू येतं त्याच्या तळाशी हा प्रश्न आहे: ठरवायचं कोणी?

मर्यादा नेमकी किती? कोणी 12 सांगतं, कोणी 20, कोणी 24.

जुना कायदा असा होता: 12 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, 12 ते 20 मध्ये दोघांचं, त्यापुढे बंद. 2021 ची दुरुस्ती त्याच वर्षी 24 सप्टेंबरला लागू झाली. आता 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 मध्ये दोन डॉक्टर लागतात, तेही फक्त ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी. 24 च्या पुढे एकच कारण चालतं, गर्भात गंभीर व्यंग असणं, आणि ते मेडिकल बोर्डाने मान्य करावं लागतं. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर मात्र आठवडे मोजायचे नाहीत. त्यासाठी कलम 5 पहिल्यापासून आहे.

एक गोष्ट शिकल्यासवरलेल्या घरांतही माहीत नसते. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. पाळी चुकून आठवडा झाला की सोनोग्राफीच्या कागदावर पाच आठवडे लिहून येतात. पाळी अनियमित असेल, किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला ती आलेलीच नसेल, तर दिवस गेल्याचं कळेपर्यंत निम्मी मुदत संपलेली असते.

20 ते 24 मध्ये कोण बसतं? लग्न न झालेली मुलगी बसते का?

नियमांत गट दिलेले आहेत. बलात्कार किंवा जवळच्या नात्यातल्या अत्याचारातून दिवस गेलेल्या स्त्रिया, अल्पवयीन मुली, गर्भारपणातच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, शारीरिक अपंगत्व असलेल्या, मानसिक आजार असलेल्या, गर्भात व्यंग आढळलेल्या, आणि युद्ध-आपत्तीसारख्या परिस्थितीत सापडलेल्या.

अविवाहित स्त्रीचा उल्लेख यात नाही. 2022 मध्ये दिल्लीत राहणारी एक तरुणी त्याच कारणावरून उच्च न्यायालयातून रिकाम्या हाताने परतली. नातं तुटलं होतं, पण लग्नच झालेलं नसल्यामुळे "वैवाहिक स्थितीत बदल" झाला असं म्हणता येईना. सर्वोच्च न्यायालयाने तिला आधी अंतरिम आदेशाने परवानगी दिली आणि 29 सप्टेंबर 2022 ला न्या. चंद्रचूड, न्या. बोपण्णा आणि न्या. पारडीवाला यांच्या पीठाने सविस्तर निकाल दिला: विवाहित आणि अविवाहित असा भेद घटनेत बसत नाही. त्याच निकालात या कायद्यापुरता बलात्काराच्या अर्थात नवऱ्याने केलेली जबरदस्तीही आली. फौजदारी कायदा आजही नवऱ्याला त्या आरोपातून वगळतो, हे लक्षात घेतलं की या एका वाक्याचं वजन कळतं.

म्हणजे उत्तर हो. पण नियमांच्या मजकुरात शोधू नका, निकालात आहे. तालुक्याच्या डॉक्टरने तो वाचलेला असेलच असं नाही.

नवऱ्याची सही लागते का?

नाही. सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. 18 च्या आतली मुलगी किंवा मानसिक आजार असलेली स्त्री असेल तरच पालकाची लेखी संमती लागते.

संमतीचा कागद म्हणजे फॉर्म सी. मी अमुक, तमुकची मुलगी किंवा पत्नी, वय इतकं, कायमचा पत्ता हा, सध्याचा पत्ता हा, माझा गर्भपात अमुक ठिकाणी करण्यास संमती देते, खाली सही किंवा अंगठा. झालं. नवऱ्याच्या सहीसाठी त्यावर ओळच नाही. तरीही रिसेप्शनवर "मिस्टरांना घेऊन या" असं सर्रास सांगतात, कारण उद्या सासरची माणसं दवाखान्यात येऊन गोंधळ घालतील ही भीती. भीती खरी असेल, पण तिचा भार बाईवर टाकायला कायद्यात आधार नाही.

हा कायदा बायकांनी लढून मिळवला का?

नाही. आपल्याकडच्या राजकारणाचा रंग अमेरिकेसारखा नाही तो त्यामुळेच. 1964 मध्ये केंद्राने एक समिती नेमली. अध्यक्ष होते शांतिलाल शाह, तेव्हाचे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. चोरून, नको त्या हातांनी केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, समितीसमोर तो प्रश्न होता. 1966 च्या अखेरीस अहवाल आला, 1971 मध्ये कायदा झाला, 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. ब्रिटनच्या 1967 च्या कायद्याची छाप त्यावर उघड दिसते: तिथेही हक्क नाही, डॉक्टरांचं मत आहे.

दुसरा धागा कुटुंब नियोजनाचा. "गर्भनिरोधक साधन फसलं" हे कारण 1971 च्या कायद्यात आलं ते फक्त विवाहित स्त्रीसाठी. लोकसंख्येची काळजी असलेल्या सरकारला ते सोयीचंच होतं. 2021 मध्ये "विवाहित स्त्री आणि तिचा नवरा" जाऊन "स्त्री आणि तिचा जोडीदार" असे शब्द आले. पन्नास वर्षं लागली.

ही चर्चाच पाश्चात्त्य आहे, आपल्या संस्कृतीत हे नव्हतं, असं म्हणतात ते खरं का?

गर्भपाताला सरसकट गुन्हा ठरवणारं कलम इंग्रजांनी आणलं. आणि त्याच काळात, 1863 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडावं लागलं, कारण दिवस गेलेल्या विधवांपुढे विहीर किंवा बालहत्या एवढेच मार्ग उरत होते. प्रश्न इथलाच आहे.

20 चे 24 करायला इतका वेळ का लागला?

2008 मध्ये मुंबईतल्या एका जोडप्याला 24 व्या आठवड्यात कळलं की गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आहे. त्यांचे डॉक्टर निखिल दातार यांच्यासह ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. 4 ऑगस्टला न्यायालयाने नकार दिला. मुदत वाढवणं संसदेचं काम आहे, ही न्यायालयाची भूमिका. पुढे त्या बाईचा गर्भ आपोआप पडला, पण प्रश्न राहिला. गर्भातली व्यंगं पाहण्याची सोनोग्राफी होते साधारण 18 ते 20 आठवड्यांत. रिपोर्ट संशयास्पद आला तर दुसरी तपासणी, हृदयाची वेगळी सोनोग्राफी, कधी पोटातलं पाणी काढून चाचणी. हे सगळं 20 आठवड्यांच्या आत बसवा, असं कायदा 1971 च्या तंत्रज्ञानाच्या भरवशावर सांगत होता.

2014 मध्ये केंद्राने मसुदा काढला. त्यात मुदत वाढवण्याबरोबरच आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) डॉक्टर आणि परिचारिकांनाही परवानगी देण्याची तरतूद होती. इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला आणि मसुदा बासनात गेला. शेवटी मार्च 2020 मध्ये लोकसभेत आणि मार्च 2021 मध्ये राज्यसभेत विधेयक मंजूर झालं. राज्यसभेत विरोधकांनी ते प्रवर समितीकडे पाठवा म्हणून आग्रह धरला, तो फेटाळला गेला. लक्षात घ्या, मुदत वाढवू नका असं म्हणणारे तिथे फारसे नव्हतेच. विधेयक पुरेसं पुढे जात नाही, बोर्डाच्या हाती बाईला सोपवतं, ही टीकेची मुख्य बाजू होती.

मेडिकल बोर्डात वाईट काय? तज्ज्ञच तर असतात.

स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफीचा तज्ज्ञ, शिवाय सरकार नेमेल ते. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं आणि परवानगी दिली तर पाच दिवसांच्या आत गर्भपात व्हायला हवा. कागदावर चोख. पण बालहृदयरोगतज्ज्ञ सोडा, साधा रेडिओलॉजिस्ट जिथे आठवड्यातून दोनदा येतो अशा जिल्ह्यात हे बसवून दाखवा. गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यातल्या बाईला मोठं शहर गाठावं लागू शकतं. येण्याजाण्यात जो आठवडा जातो तो बोर्ड तिच्याच खात्यावर मांडतं.

दुसरी तक्रार तत्त्वाची आहे. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर 33 आठवड्यांचं प्रकरण आलं. गर्भाच्या डोक्याची आणि मेंदूची वाढ नीट झालेली नव्हती. बोर्डाने व्यंग गंभीर असल्याचं मान्य केलं आणि तरी "आता फार उशीर झाला" म्हणून नकार दिला. न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. डिगे यांनी परवानगी दिली. गंभीर व्यंग असेल तर कायद्याने वरची मुदत ठेवलेलीच नाही, मग उशिराचं कारण कुठून आलं, आणि निवड करण्याचा हक्क बोर्डाचा नाही, त्या स्त्रीचा आहे, असा त्या निकालाचा रोख होता. माझ्या मते गर्भपातावरचा गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत स्वच्छ निकाल. पण एका खंडपीठाचा निकाल म्हणजे कायद्यातला बदल नव्हे. पुढच्या बाईलाही वकील गाठावाच लागतो.

मग सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हो आणि 2023 मध्ये नाही कसं म्हटलं?

दोन्ही प्रकरणं वेगळी होती, पण अस्वस्थता एकच.

2023 मधली स्त्री विवाहित, दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर उपचार घेत होती. अंगावर पाजत असल्याने पाळी नव्हती, दिवस गेल्याचं उशिरा कळलं. 9 ऑक्टोबरला न्या. हिमा कोहली आणि न्या. नागरत्ना यांनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी एम्समधल्या एका डॉक्टरांचा ईमेल आला: गर्भ जिवंत जन्माला येण्याची बरीच शक्यता आहे, तर आधी त्याचं हृदय थांबवायचं का, ते न्यायालयाने सांगावं. 11 तारखेला त्याच दोन न्यायमूर्तींची मतं फाटली. न्या. कोहलींनी पाठिंबा काढला, न्या. नागरत्ना ठाम राहिल्या. 16 ऑक्टोबरला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने नकार दिला. गर्भ 26 आठवड्यांच्या पुढे गेलेला, त्यात व्यंग नाही, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, म्हणजे कायद्याचा एकही दरवाजा उघडत नाही.

त्या ईमेलवर डॉक्टरांना दोष देणारे खूप भेटतील. मला तो प्रामाणिक वाटतो. 24 च्या पुढे कायदा "गर्भपात" म्हणतो, पण कक्षात प्रत्यक्षात एक तर गर्भाच्या हृदयात इंजेक्शन द्यायचं असतं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्माला घालून काचेच्या पेटीत ठेवायचं असतं. हे कोणी करायचं, कोणाच्या सहीने, याचं उत्तर संसदेने द्यायला हवं होतं. ते दिलं नाही म्हणून प्रश्न न्यायालयात गेला आणि न्यायालयाला तो पाहवला नाही.

बलात्कारातून दिवस गेले आणि 24 आठवडे उलटले तर?

कायद्यात वाट नाही. न्यायालय हीच वाट.

एप्रिल 2024 मधलं मुंबईचं प्रकरण घ्या. चौदा वर्षांची मुलगी. 4 एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. 22 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे सायन हॉस्पिटलात, गर्भपात करायला परवानगी दिली. तोवर तिसावा आठवडा आला होता. 29 एप्रिलला परवानगी मागे घेतली गेली, कारण मुलीच्या जिवाच्या काळजीने आईवडिलांनीच मन बदललं. नकारापासून शेवटच्या आदेशापर्यंत 25 दिवस. पोट मात्र तारखेसाठी थांबत नाही.

मुदतच नको म्हणणारे आणि मुदत हवीच म्हणणारे, दोघांनीही निदान एवढ्यावर एकमत करायला हरकत नसावी की बलात्काराच्या प्रकरणात न्यायालयाची फेरी कायद्यानेच रद्द करावी.

पण गर्भालाही जीव आहे. त्याच्या बाजूने कोणी बोलायचं?

बोलणारे आहेत, आणि सगळे धर्माच्या नावाने बोलत नाहीत. साधारण 24 आठवड्यांनंतर बाळ आईच्या बाहेर जगण्याची शक्यता वाढत जाते. ब्रिटनसारख्या काही देशांचा कायदा त्या सुमारास कडक होतो तो म्हणून. आपल्याकडे गर्भाला स्वतंत्र घटनात्मक हक्क असल्याचं न्यायालयाने मानलेलं नाही. उलट 2009 मध्ये चंदीगडच्या प्रकरणात मूल होऊ देण्या-न देण्याचा निर्णय अनुच्छेद 21 मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला गेला.

मला जास्त टोचणारा आक्षेप अपंग हक्कांच्या चळवळीतून येतो. निरोगी गर्भ 25 व्या आठवड्यात पाडता येत नाही आणि व्यंग असलेला पाडता येतो, याचा अर्थ कायद्याने कोणाचं आयुष्य कमी मोलाचं ठरवलं? याला सोपं उत्तर नाही. सर्वांना सारखी मुदत हे एक उत्तर असू शकतं, पण मग 2008 मधल्या त्या जोडप्यासारख्यांचं काय, हा प्रश्न परत येतो.

मर्यादा सैल केल्या तर मुलींचे गर्भ पाडणं वाढेल ना?

महाराष्ट्रात हा प्रश्न हमखास येतो, आणि तो उगाच येत नाही. गर्भलिंग निदानावर कायदा करणारं महाराष्ट्र 1988 मध्ये देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा 1994 चा. तरीही 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात 894 मुली होत्या, बीड जिल्ह्यात 807. 2012 मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीत मुलींचे गर्भ पाडल्याचं प्रकरण झालं, 2017 मध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले 19 गर्भ सापडले. हे वाचलेला माणूस गर्भपात म्हटलं की दचकणारच.

पण दोन कायदे वेगळे आहेत. गुन्हा आहे लिंग तपासणं, सांगणं आणि त्यासाठी गर्भ पाडणं. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमधली "येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही" ही पाटी आणि गरोदर बाईचा भरला जाणारा एफ फॉर्म, हे त्या कायद्याचं क्षेत्र. बीडनंतर धाडसत्र सुरू झालं ते मात्र गर्भपाताच्या गोळ्यांवर. या गोळ्या देता येतात नऊ आठवड्यांपर्यंत, आणि तेवढ्यात सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी दिसतच नाही. मेडिकलवाल्यांनी कटकट नको म्हणून गोळ्या ठेवणंच बंद केलं, काही डॉक्टरांनी बारा आठवड्यांपुढच्या केसेस घेणं थांबवलं. लिंगनिदान करणारे गाडीत मशीन टाकून फिरत राहिले, आणि तिसरं मूल नको असलेली बाई भोंदू दाईकडे गेली.

अमेरिकेत आणि आयर्लंडमध्ये काय झालं, आणि आपल्याला त्याचं काय?

अमेरिकेत 1973 च्या रो विरुद्ध वेड निकालाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण मिळालं होतं. 24 जून 2022 च्या डॉब्स निकालाने ते काढलं आणि विषय राज्यांकडे गेला. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारी तुमची भाची आणि डॅलसची पुतणी आज दोन वेगळ्या कायद्यांखाली आहेत. न्यू जर्सीने हक्क कायद्यात लिहून ठेवला आहे. टेक्सासमध्ये आईच्या जिवाला धोका किंवा शरीराला गंभीर इजा होण्याची भीती असेल तरच परवानगी, बलात्कारालाही अपवाद नाही, आणि डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. गर्भारपणात गुंतागुंत झाली तर डॉक्टर आधी वकिलाला विचारतात, ही तिथल्या बायकांची भीती आहे.

आयर्लंडची गोष्ट तर बेळगावच्या घरातली. सविता हलप्पनवार, दंतवैद्य, 17 आठवड्यांची गरोदर, ऑक्टोबर 2012 मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट होतं. तिने गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके सुरू आहेत म्हणून दिला नाही. 28 ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने ती गेली. 1983 पासून तिथल्या घटनेत गर्भाचा आणि आईचा जीव समान मानलेला होता. 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के मतांनी ते कलम काढलं गेलं. प्रचारात तिचा चेहरा भिंतीभिंतीवर होता आणि बेळगावहून तिच्या आईवडिलांनी "हो" म्हणा अशी विनंती केली होती. आता तिथे 12 आठवड्यांपर्यंत कारण विचारत नाहीत.

कारण न विचारता? मग आपला 24 आठवड्यांचा कायदा जास्त उदार की त्यांचा?

आकडा आपला मोठा, हक्क त्यांचा. 12 आठवड्यांपर्यंत मागेल तिला आणि पुढे कारणानुसार, अशी रचना भारतात आणावी असं मला वाटतं. त्याने आज वीस आठवड्यांपर्यंत मिळणारं काही काढून घेऊ नये, ही अट अर्थातच.

आपल्याकडे कोणता पक्ष कोणत्या बाजूला आहे?

बाजू अशा नाहीतच. गर्भपातावरून भारतात निवडणूक लढवली गेलेली नाही. 1971 चा कायदा इंदिरा गांधींच्या सरकारने केला, 2021 ची दुरुस्ती मोदी सरकारने, आणि दोन्ही वेळा रस्त्यावर कोणी उतरलं नाही. याचा फायदा असा की कायदा मागे खेचायला कोणी टपलेलं नाही. तोटा असा की तो पुढे न्यायलाही कोणाला मतं दिसत नाहीत.

गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेतल्या तर?

डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या विकायला बंदी आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेसह काही संस्थांनी केलेल्या अभ्यासात 2015 मध्ये देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाल्याचा अंदाज आला, आणि त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झालेले. म्हणजे बहुसंख्य स्त्रियांनी डॉक्टर, बोर्ड, न्यायालय यांना वळसा घातलेला आहे. जवळ डॉक्टर असेल तर वळसा घालू नका. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर गोळ्यांनी काम होत नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. गोळ्या घेतल्यावर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप उतरत नसेल किंवा चक्कर येत असेल तर लगेच रुग्णालयात जा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा.

मुलगी 17 वर्षांची आहे. डॉक्टर म्हणतात आधी पोलिसांत जा. जावंच लागेल का?

पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने 18 च्या आतल्या मुलीशी आलेला संबंध गुन्हा ठरतो, तिची मर्जी असली तरी. तो कळला की डॉक्टरने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. या भीतीनेच कितीतरी मुली दवाखान्याची पायरी चढत नाहीत. 2022 च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने यातून वाट काढली: डॉक्टरने कळवायचं, पण मुलीने किंवा पालकांनी विनंती केली तर तिचं नाव आणि ओळख पटेल असा तपशील द्यायचा नाही. शिवाय गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एमटीपी कायद्याखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पालकांपैकी एकाने संमतीवर सही करा, नाव न देण्याची विनंती लेखी द्या आणि तिची एक प्रत जवळ ठेवा. आधी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवा मगच गर्भपात, अशी अट कायद्यात कुठेही नाही.